‘ऱ्हातीय’ लिहिलं की बंद

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. धाराशिव, कळंब, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा याच रस्त्यांवर त्यांची सगळी नोकरी झाली. गाडीत कुणी वेगळा शब्द बोललं की तो टिपून ठेवायची त्यांना सवय होती. उमरग्याकडची माणसं बोलता बोलता कानडी शब्द घालायची, नळदुर्गच्या बाजूला दखनी कानावर पडायची, आणि बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या बराच वेळ याला ‘वाढूळ’, थोडंसं याला ‘उलसं’ असलं काहीबाही बोलायच्या. घरात अशा टिपणांच्या वह्या साठल्या होत्या. निवृत्त होऊन ते आमच्या गावी, तेरला, कायमचे राहायला आले, तेव्हा त्यांनी त्या वह्या काढल्या आणि शब्दांचा संग्रह करायचं ठरवलं.

मी धाराशिवला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. शिक्षिका झाल्यापासून वडील मला ‘बाई’ म्हणतात, आणि आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. माझा जुना लॅपटॉप मी त्यांना दिला. त्याला जड काही झेपत नव्हतं, म्हणून त्यावर मुक्त स्रोताची सिस्टिम टाकली आणि तसाच लिखाणाचा प्रोग्रॅम. असले प्रोग्रॅम जगभरातली माणसं मिळून लिहितात. कुणालाही वापरता येतात, आणि ज्याला कळतं त्याला आतून उघडूनही बघता येतात. अण्णांनी त्यात एक तक्ता केला. शब्द, अर्थ, कुठं ऐकला, आणि चौथ्या रकान्यात त्या माणसाचं वाक्य, जसं बोललं तसंच. दोन बोटांनी टाईप करत, पण रोज बसायचे. निवृत्तीनंतर ऐकलेली वाक्यं तर ते वहीत न लिहिता घरी आल्या आल्या थेट तक्त्यात घालायचे.

एका रविवारी मी गेले तेव्हा म्हणाले, “बाई, हे आपोआप बंद पडतंय.”

“काय करत होता तुम्ही?”

“लिवत होतो. लिवता लिवता समदी खिडकीच गेली. माझाच हात जड हाय बघ.”

मी उघडून बघितलं. फाईल जागेवर होती, शेवटच्या दोन ओळी तेवढ्या गेल्या होत्या. लॅपटॉप जुना झालाय, दर पाच मिनिटांनी सेव्ह करत जा, असं सांगून, कुठली बटणं दाबायची ते कागदावर लिहून मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले. आधी नीट निरीक्षण करा आणि मग निष्कर्ष काढा, असं मी वर्गात रोज सांगते. घरी मात्र मी निरीक्षण न करताच निष्कर्ष काढून मोकळी झाले होते.

त्यानंतर अण्णांनी पुन्हा तक्रार केली नाही. मला वाटलं, सुटला प्रश्न.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांचा तक्ता तपासायला घेतला. वाचता वाचता येरमाळ्याच्या एका बाईच्या वाक्यापाशी आले. देवीच्या डोंगराच्या पायथ्याला नारळ आणि फुलं विकणारी बाई, असं तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं. वाक्य होतं, ‘मी इथेच राहते.’

मी हसले. “अण्णा, ही बाई पुण्याची होती का?”

ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

“अशी न्हाय बोलली ती,” मग म्हणाले. “‘ऱ्हातीय’ असं कायतरी बोलली व्हती. पण ते लिवलं की बंद पडतंय. म्हणून म्या शुद्ध लिवलं.”

मला आधी नीट कळलंच नाही. मग मी वरखाली सरकवून बघितलं. सगळीकडं राहतो, राहिली, राहणार. ‘बिऱ्हाड’च्या जागी ‘घर’. ‘गाऱ्हाणं’च्या जागी ‘तक्रार’. ‘एकेक तऱ्हा’च्या जागी ‘एकेक प्रकार’. मोडक्या रचं, म्हणजे आडव्या रेघेचं, ते जोडाक्षर जिथं जिथं आलं होतं, तिथं तिथं त्यांनी त्याला वळसा घातला होता. इतकी वर्षं जे शब्द जपले, तेच मशीनला चालत नाहीत म्हणून एकेक करून काढून टाकले होते.

“मला सांगितलं का न्हाय तुम्ही?”

“सांगितलं की. तू म्हणलीस, सेव्ह करत जा. करत होतो.”

मी उठले, पाणी प्याले आणि परत येऊन त्यांच्या शेजारी बसले. “आता दाखवा मला,” म्हटलं.

आधी मी एक कोरी फाईल उघडली आणि त्यात ‘ऱ्हातीय’ लिहिलं. काही झालं नाही. दहा वेळा लिहिलं, तरी नाही.

“बघा, न्हाय पडत.”

“थांब.” त्यांनी स्वतःचा तक्ता उघडला, चौथ्या रकान्यात त्या बाईच्या वाक्यात तोच शब्द घातला, आणि शेवटचं अक्षर पडायच्या आत खिडकी नाहीशी झाली.

आता मात्र मला उत्सुकता लागली. तक्त्याच्या वेगळ्या प्रती काढल्या आणि एकीतला खालचा अर्धा भाग उडवला. शब्द लिहिला. बंद पडलं. उरलेल्यातला अर्धा उडवला. पुन्हा बंद. असं अर्धं-अर्धं करत जायचं. ज्या तुकड्यात दोष आहे तो ठेवायचा, बाकीचं टाकायचं. अण्णांनी वही घेतली आणि प्रत्येक खेपेला काय उडवलं, काय राहिलं, पडलं का नाही पडलं, ते लिहायला लागले. आई दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, “त्या डबड्याला बी भूक लागली असंल. उठा आता.” तोवर आमच्याकडं एकच ओळ उरली होती, चार रकान्यांची, आणि चौथ्यात एकच शब्द.

जेवून आल्यावर मी त्या रकान्याची रेघ धरून रुंद केली. शब्द लिहिला, काही झालं नाही. रेघ परत आत ढकलली. बंद.

तेव्हा उलगडलं. रकाना अरुंद असला की शब्द ओळीत मावत नाही, आणि हा प्रोग्रॅम तो मधेच तोडून, जोडरेघ देऊन, उरलेला खालच्या ओळीत टाकतो. बाकी शब्द नीट तुटत होते. त्या मोडक्या रचा शब्द तोडायची वेळ आली की प्रोग्रॅमच कोसळत होता.

“म्हंजे शब्दाची चूक न्हाय, जागेची हाय?” अण्णांनी विचारलं.

“दोन्हीची. तो शब्द, आणि तोही ओळीच्या टोकाला.”

“आणि माझा हात?”

“तुमच्या हाताचा काही संबंध न्हाय, अण्णा.”

त्यांनी मान हलवली. आपल्याच हाताचा दोष असं मनाशी धरून ते इतके महिने बसले होते, हे त्यांचा चेहरा सैल झाला तेव्हा मला दिसलं.

मी शब्द तोडायची सोय बंद करून दिली. आता कितीही ‘ऱ्हातीय’ लिहिलं तरी चालत होतं. मला वाटलं, काम झालं. पण अण्णा म्हणाले, “आपलं भागलं. दुसऱ्या कुणाचं पडत असंल त्याचं काय? हे कुणाला कळवायचं असतं का?”

कळवायची जागा होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या संकेतस्थळावर कुणीही खातं काढून दोष नोंदवू शकतं. मी त्याच दुपारी माझ्या इंग्रजीत लिहिलं की माझ्या वडिलांचा प्रोग्रॅम मराठी लिहिताना सारखा बंद पडतो, ते वयस्कर आहेत, कृपया लवकर मदत करा.

दोन दिवसांनी उत्तर आलं. तीनच ओळी होत्या. आवृत्ती कोणती, सिस्टिम कोणती, नेमकं काय केल्यावर बंद पडतं ते पायरी-पायरीनं लिहा. आणि नोंदीसमोर ‘माहिती अपुरी’ असा शिक्का. मला राग आला. कचेरीच्या खिडकीवरून कागद परत फेकल्यासारखं वाटलं. रविवारी तेरला गेल्यावर मी अण्णांना तसं बोललेसुद्धा.

ते म्हणाले, “बरोबरच हाय की त्यांचं. डेपोत जाऊन ‘गाडी बंद पडली’ म्हणलं तर मेकॅनिक काय करंल? कुठं पडली, चढाला का सपाटीला, आधी आवाज आला का, गाडी भरलेली व्हती का रिकामी, हे इचारणारच. आमी तसा रिपोर्ट लिवून द्यायचो. लिव, म्या सांगतो.”

आणि त्यांनी सांगितलं. नवीन फाईल उघडा. चार रकान्यांचा एक ओळीचा तक्ता करा. भाषा मराठी निवडा. शब्द तोडायची सोय चालू करा. चौथा रकाना इतका अरुंद करा की दोनच अक्षरं मावतील. हा शब्द लिहा. काय व्हायला पाहिजे: शब्द दोन ओळींत यावा. काय होतं: प्रोग्रॅम बंद पडतो. किती वेळा: दर वेळी. मी इंग्रजीत करत गेले. ‘कृपया लवकर’ त्यांनी काढायला लावलं. “ते काय आपल्या पगारी न्हाईत,” म्हणाले.

यावर उत्तर देणारी व्यक्ती वेगळी होती आणि देवनागरी जाणणारी होती. नावाच्या जागी नुसती चार अक्षरं आणि एक आकडा. बाई की बुवा ते आम्हाला आजही माहीत नाही. अण्णांनी नाव ठेवलं, ‘डेपोवाले’. डेपोवाल्यांनी लिहिलं की पायऱ्या नीट समजल्या, करून बघितल्या, पण आमच्याकडं बंद पडत नाही. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, आमची मूळ फाईल. दुसरी, कोसळतानाची आतली नोंद. म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या कामातून कुठल्या कामात गेला आणि शेवटी कुठं पडला, त्याची यादी.

ती यादी काढायला जास्तीचं बरंच काही उतरवून घ्यावं लागणार होतं. तेरला आमच्या घरात मोबाईलची रेंज लागते ती फक्त गच्चीवर. मी फोन कठड्यावर ठेवला, लॅपटॉप सावलीत ठेवला, आणि सबंध दुपार ती निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकताना बघत बसले. मधे एकदा तुटलं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी उतरलं. सांगितल्याप्रमाणं एका दुसऱ्या प्रोग्रॅमच्या देखरेखीखाली आपला प्रोग्रॅम चालू केला, शब्द लिहिला, तो कोसळला, आणि पडद्यावर ओळींमागून ओळी उमटल्या. मला त्यातलं फारसं काही कळलं नाही. अण्णांना समजावं म्हणून म्हटलं, गाडी कुठकुठले थांबे घेत आली आणि कुठं पडली, ते खालून वर लिहिलंय. त्यांनी वाकून सगळ्यात वरची ओळ बोट ठेवून वाचली, एकेक इंग्रजी अक्षर, आणि म्हणाले, “हितं पडली म्हण की.”

मूळ फाईल द्यायला मात्र त्यांनी नकार दिला. “लोकांनी माझ्यापाशी बोलून दाखवलंय, समद्या जगाला न्हाय. कुणाचं घरातलं असतंय, कुणाचं काय.” म्हणून आम्ही अण्णांच्याच लॅपटॉपवर, अण्णांच्याच बोटांनी लिहिलेला एका शब्दाचाच तक्ता पाठवला.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत ईमेल उघडली. एकच वाक्य होतं: आता इथंही बंद पडला. मी तिथूनच फोन लावला.

“अण्णा, डेपोवाल्यांचंबी बंद पडलं!”

“बरं झालं!” ते म्हणाले. मग जरा थांबून, “म्हंजे वाईटच झालं. पण बरं झालं.”

पुढं खुलासा आला. ते मोडकं र कॉम्प्युटरच्या आत दोन प्रकारे लिहिता येतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण आतली अक्षरं वेगळी असतात. डेपोवाल्यांनी स्वतःच्या कीबोर्डवर शब्द लिहिला तो एका प्रकारे. अण्णांचा कीबोर्ड लिहायचा दुसऱ्या प्रकारे. तोडायचा नियम करताना हा दुसरा प्रकार कुणाच्या लक्षात आलेला नव्हता.

त्यानंतर कित्येक आठवडे काहीच नाही. अण्णा दर रविवारी विचारायचे, “आलं का काय?” मी नाही म्हणायची. “असतील कामात,” म्हणून ते आपले लिहायला बसायचे. मला त्यांच्याइतका धीर नव्हता. मी दोनदा आठवण करून द्यायला घेतलं आणि दोनदा लिहिलेलं पुसलं.

परीक्षांच्या सुमाराला दुरुस्ती आली. तिची कच्ची आवृत्ती उतरवून घ्या आणि तपासून सांगा, असा निरोप होता. आम्ही पुन्हा गच्चीवर बसलो. ‘ऱ्हातीय’ लिहिलं. शब्द शांतपणे दोन ओळींत उतरला. मी टाळी वाजवली, पण अण्णा थांबले नाहीत. बिऱ्हाड, गाऱ्हाणं, तऱ्हा, वऱ्हाड, एकामागून एक लिहीत गेले. सगळे तुटले. मग त्यांनी मोडक्या रला ‘ह’ऐवजी ‘य’ जोडलेला शब्द लिहिला, ‘सोयऱ्याकडं’. खिडकी गेली.

मला एकदम खचल्यासारखं झालं. इतक्या दिवसांनी कुणीतरी फुकट काम करून दिलं, आणि आता पुन्हा त्यांच्यापुढं चूक घेऊन जायचं? “राहू द्या अण्णा. हा एक शब्द काय रोज लागतो?”

“चढाला नीट झाली आणि उताराला पडली. मग सांगायला नगं?” ते म्हणाले. “न सांगितलं तर त्यांस्नी वाटंल, गाडी ठीक हाय.”

सांगितलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: हे माझ्या नजरेतून सुटलं होतं; आभार, तुमच्या वडिलांचेही. आठवड्याभरात तीही दुरुस्ती झाली. शिवाय डेपोवाल्यांनी कळवलं की आमचा तो एका शब्दाचा तक्ता प्रोग्रॅमच्या कायमच्या चाचण्यांमध्ये घातला आहे. यापुढं प्रोग्रॅममध्ये कुणीही बदल केला की तो शब्द एकदा तोडून बघितला जाईल.

मी हे अण्णांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “शब्दाचा अर्थ लिवलाय का तिथं?”

“न्हाय.”

“मग कळव की. नुसता शब्द ठिवून काय उपेग?”

मी संकोचतच कळवलं. डेपोवाल्यांनी चाचणीशेजारी एक ओळ घातली: मराठवाड्याच्या बोलीत, स्त्री स्वतःबद्दल म्हणते, मी राहते आहे.

मग अण्णा बदललेली वाक्यं पूर्ववत करायला बसले. बरीचशी त्यांना आठवली. पंधरा-वीस आठवेनात. ‘ऱ्हातो’ होतं की ‘ऱ्हातूया’, ‘बिऱ्हाड’ होतं की मुळातच ‘घर’, ते सांगता येईना. त्या वाक्यांची वही नव्हतीच. तिथं त्यांनी प्रश्नचिन्ह टाकलं. अंदाजानं भरा, असं मी सुचवलं, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तो विषयच सोडला.

येरमाळ्याच्या बाईचं वाक्य त्यांच्या मनातून जाईना. ‘कायतरी ऱ्हातीय’ एवढंच आठवत होतं, पुढचं गेलं होतं. एका रविवारी आम्ही गाडी बदलून येरमाळ्याला गेलो. ती होती तिथंच, नारळाच्या ढिगामागं, शेवंतीच्या माळा करत. अण्णांनी नमस्कार केला.

“आक्का, मागं म्या आलो व्हतो. तुमचं घर कुठं म्हणून इचारलं व्हतं. तुम्ही कायतरी बोलला व्हता.”

“काय बोलले व्हते?”

“तेच ध्यानात न्हाय. म्हणून तर आलो.”

ती आमच्याकडं आळीपाळीनं बघायला लागली. “तुमच्या ध्यानात न्हाय, तर माझ्या कशानं ऱ्हाईल?”

अण्णांनी खिशातून पेन काढलं. मला हसू आवरेना. ती म्हणाली, “हसाया काय झालं गं?” मी सांगायचा प्रयत्न केला की ते लोकांचं बोलणं लिहून ठेवतात. तिला ते पटलं की नाही कुणास ठाऊक, पण तिनं आम्हाला बसायला पोतं दिलं.

“मग आता कुठं ऱ्हाता?” अण्णांनी विचारलं.

“आता लेकाकडं, वस्तीवर. तवा हितंच ऱ्हात व्हते, ह्या टपरीच्या मागं. गुडघं धरल्यापासून लेक ऱ्हाऊ देईना.”

अण्णांनी तिन्ही वाक्यं शब्दन् शब्द लिहून घेतली, तिला वाचून दाखवली, आणि तिनं ‘व्हय’ म्हटल्यावर वही मिटली. परतीच्या गाडीत ते म्हणाले की ही नवीन नोंद करायची, नव्या ओळीत. जुन्या वाक्यापुढचं प्रश्नचिन्ह तसंच ठेवायचं. ते वाक्य गेलं ते गेलं.

हल्ली रविवारी दुपारी आमचं आणखी एक काम असतं. त्या संकेतस्थळावर दुसऱ्या लोकांच्या नोंदी पडून असतात, कुणीच करून न बघितलेल्या. मी एखादी काढते, पायऱ्या मराठीत वाचून दाखवते, आणि अण्णा त्या आपल्या लॅपटॉपवर करतात. बंद पडलं तर तसं लिहायचं, नाही पडलं तर तसंही लिहायचं. परवा एका माणसाची नोंद होती. कुठल्या देशातला ते कळत नव्हतं. चित्र फिरवलं की त्याचा चित्रकलेचा प्रोग्रॅम बंद पडत होता. अण्णांनी आमच्या घराचा एक फोटो घेतला आणि उभा, आडवा, उलटा असा दहा वेळा फिरवला. काही झालं नाही.

“लिव, आमच्याकडं न्हाय पडलं,” ते म्हणाले.

मी आवृत्ती लिहिली, सिस्टिम लिहिली, दहा वेळा केलं ते लिहिलं आणि पाठवणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

“थांब, बाई. त्याचं चित्र केवढं व्हतं, ते आधी इचार त्याला.”

मी शेवटी तेवढा एक प्रश्न घातला आणि नोंद पाठवून दिली.